कासमभाईंची गाठ

कासमभाईंची मिनीडोर महाडहून पोलादपूरला निघाली, की वाटेत कुठेतरी थांबायची. बिघाड नाही, फाटक नाही, समोर गुरंढोरं नाहीत. कासमभाई दोन्ही हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवायचे आणि समोरच्या काचेकडे बघत म्हणायचे, "उतरा."

नवखा माणूस विचारायचा, "का? काय झालं?"

"उतरा सगळे. लांब जाऊन उभं ऱ्हावा."

आम्ही रोजचे लोक मुकाट्याने उतरायचो. मिनीडोर म्हणजे आमच्याकडची मोठी रिक्षा. कागदोपत्री तिच्यात किती माणसं बसतात ते कागदाला ठाऊक, आम्ही अकरा बसायचो. ती अकरा माणसं रस्त्याच्या कडेला शाळेच्या रांगेसारखी उभी राहायची आणि आत कासमभाई एकटेच बसलेले असायचे. चेहरा पांढराफटक, ओठ हलताहेत, अंगावरून घामाच्या धारा. दहा मिनिटांनी ते खाली उतरायचे, भिजलेला शर्ट काढून पिळायचे आणि मागच्या दांडीला टांगलेला दुसरा चढवायचे. "बसा," म्हणायचे. गाडी सुरू.

त्या दांडीवर रोज सकाळी चार इस्त्रीचे शर्ट असायचे. पांढरा, निळा, पिवळा आणि चौकड्यांचा. हा क्रम कधी चुकला नाही. संध्याकाळी परतताना त्यांच्या अंगात पिवळा दिसला, की आम्ही समजायचो, आज तीन झाले. एकदा मुंबईहून लग्नाला आलेल्या एका गृहस्थांना वाटलं, हे गाडीत कपडे विकतात. त्यांनी निळ्या शर्टाची कॉलर चाचपून "एक्सेलमध्ये आहे का?" असं विचारलं. कासमभाई म्हणाले, "त्यो आपला विषय नाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डिझेलचा भाव, निवडणूक, पाऊस, दुसऱ्यांच्या सुना, कशावरही विचारा. हँडलच्या पलीकडचं सगळं जग त्यांनी या एका वाक्यात बाहेर काढून ठेवलं होतं. आपल्या विषयात मात्र ते फार कडक होते. माणसं वजनाप्रमाणे बसवायचे. मी महाडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, पोलादपूरहून रोज जाऊन-येऊन करते. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ते सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बाय, तू आता डाव्या बाजूला बसायचं." तेव्हापासून मी डाव्या बाजूला बसते.

त्यांच्या त्या थांबण्यामागे काय आहे यावर गाडीत बरीच मतं होती. एक निवृत्त तलाठी म्हणायचे, संताप आहे. माणसं जास्त झाली की त्याचं डोकं फिरतं. सुकी मासळी विकणाऱ्या पार्वतीबाईंचं म्हणणं होतं, की आंबेनळीच्या घाटात त्यांना काहीतरी दिसलंय आणि ते अजून सोबत हिंडतंय. "नायतर बिनपैशाचा एवढा घाम कुणाला येतो गो?" त्या मला विचारायच्या. कासमभाईंनी एकदा एका डॉक्टरला दाखवलंही होतं. पण दवाखान्यात गेल्यावर रक्तदाब अगदी छान. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आणि मनाला लावून घेऊ नका म्हणून सांगितलं. कासमभाईंनी गोळी घेतली नाही. मिनीडोर चालवणाऱ्याला झोपेची गोळी देणारा डॉक्टर त्यांना फाजील वाटला.

राजेवाडी फाट्यावरच्या चहावाल्याचं मात्र काहीच म्हणणं नव्हतं. झटका बऱ्याचदा त्याच्या टपरीच्या आसपास यायचा आणि त्याचे अकरा चहा खपायचे.

मग एके दिवशी पोलादपूरला आमच्या लॅबचं तपासणी शिबिर होतं. ते आटोपून मी रक्तदाबाचं यंत्र मांडीवर घेऊन महाडला परतत होते. राजेवाडीच्या अलीकडे गाडी थांबली. "उतरा." सगळे उतरले. यंत्र, त्याची नळी, माझी पिशवी हे सगळं आवरण्यात मला उशीर झाला आणि मी कासमभाईंचा चेहरा पहिल्यांदा जवळून पाहिला. कागदासारखा झाला होता. मानेची शीर उडताना दिसत होती.

"बाय, उतर," ते म्हणाले.

"हात द्या आधी."

"उतर म्हणतोय ना."

मी पट्टा त्यांच्या दंडाला गुंडाळला. त्यांच्यात ओढून घेण्याएवढीही ताकद नव्हती. यंत्राने सांगितलं, दोनशे चाळीस, एकशे तीस. मला वाटलं, यंत्र बिघडलं. मी खाली उतरून पार्वतीबाईंचा दाब मोजला. एकशे वीस, ऐंशी. पुन्हा वर चढून कासमभाईंचा मोजला. दोनशे पस्तीस. मग तलाठ्यांनी न सांगता हात पुढे केला, म्हणून त्यांचाही मोजला. दहा मिनिटांनी कासमभाई शर्ट बदलत असताना मोजला, तर एकशे तीस, ब्याऐंशी.

"मशीन फाजील हाय," कासमभाई म्हणाले.

लॅबशेजारीच लिमये डॉक्टरांचा दवाखाना आहे. शांत, हळू बोलणारे, सर्दी-तापाच्या रांगेत तीस वर्षं काढलेले. मी त्यांना आकडे सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"डोकं दुखतं का त्याचं, त्या वेळी?"

"धरून बसलेले असतात."

"घाम?"

"चार शर्ट लागतात."

"धडधड?"

मी मानेच्या शिरेचं सांगितलं. लिमये डॉक्टर उठून उभे राहिले, खिडकीपाशी गेले, परत आले आणि म्हणाले, "मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. परीक्षेला आलं होतं. त्यानंतर पुन्हा कधी भेट नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते महाडच्या थांब्यावर यंत्र घेऊन हजर. झटका स्वतः पाहायचा होता त्यांना. कासमभाईंनी त्यांना नखशिखांत पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि उजवीकडे मागे बसवलं. तीन दिवस डॉक्टरांनी महाड-पोलादपूर-महाड अशा फेऱ्या मारल्या. तीन दिवस काहीही झालं नाही. दवाखान्याचे पेशंट कंटाळून शेवटी मिनीडोरमध्येच येऊन बसायला लागले. एका बाईंनी चालत्या गाडीत जीभ दाखवली. पोलादपुरात अशी बातमी पसरली, की डॉक्टरांनी गाडीत भागीदारी घेतली.

चौथ्या दिवशी झटका आला. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा."

कासमभाई डोळे मिटून, डोकं धरून बसले होते. त्यांनी एक डोळा उघडला. डॉक्टर इतके ओशाळले, की उरलेला वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मग आमच्या लॅबचं काम आलं. चोवीस तासांची सगळी लघवी एका पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करायची, थेंबही बाहेर जाता कामा नये. घरी बसून करा म्हटलं, तर कासमभाई तयार होईनात. "गाडी कोण चालवणार?" मग तो कॅन हँडलशेजारी, शर्टांच्या खाली उभा राहिला. मी त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'हात लावू नये' असं लिहिलं, त्यामुळे प्रत्येकाने हात लावून पाहिला. दर थांब्यावर कासमभाई कॅन घेऊन झाडामागे जायचे आणि अकरा माणसं गंभीर चेहऱ्याने वाट बघायची. परतल्यावर तलाठी विचारायचे, "किती झालं?" कासमभाई कॅन उंच धरून दाखवायचे. दुपारी एका ट्रकवाल्याने रेडिएटरसाठी पाणी मागितलं आणि कॅनकडे बोट केलं, तेव्हा पार्वतीबाई बोंबलांची टोपली सोडून मध्ये उभ्या राहिल्या. "त्ये मुंबईला जायाचं हाय," त्या म्हणाल्या.

मुंबईहून अहवाल आला. जे द्रव्य नावापुरतं असायला हवं, ते कितीतरी पटीने जास्त होतं. मग पोटाचं स्कॅन झालं. उजव्या मूत्रपिंडाच्या डोक्यावर लिंबाएवढी गाठ.

लिमये डॉक्टरांनी कासमभाईंना समोर बसवून समजावलं. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते. माणूस घाबरला की ती रक्तात एक रस सोडते, मग छाती धडधडते, दाब चढतो, घाम फुटतो. वाघ मागे लागला तर पळता यावं म्हणून निसर्गाने केलेली सोय. त्या ग्रंथीत गाठ झाली, की वाघ नसतानाही रस सुटतो.

"वाघ हाय कुठं आता आंबेनळीत," कासमभाई म्हणाले.

"तेच सांगतोय. गाठ साधी दिसतेय, कर्करोगाची वाटत नाही. पण अशाच एखाद्या झटक्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हृदय बंद पडू शकतं. काढली की बरे व्हाल. मुंबईला एक बाई आहेत, त्या दुर्बिणीतून काढतात."

कासमभाईंनी स्कॅनचं पाकीट डॉक्टरांकडे परत सरकवलं. मग उठले. "असू दे ती," म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

डॉक्टरांनी गाडीची किल्ली मागून घेतली. कासमभाईंनी ती दिली, पण गाठ द्यायला ते तयार झाले नाहीत. भीती वाटते का, विचारलं. नाही म्हणाले. खर्चाची योजना आहे, सगळं बसतंय, सांगितलं. "त्यो आपला विषय नाय," म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. सावित्री नदीच्या अंगाला मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर. मूलबाळ नाही, बायको सहा वर्षांपूर्वी वारलेली, एवढं मला ठाऊक होतं. कासमभाई शर्टांना इस्त्री करत होते. गाडी बंद होती, तरी चार शर्ट.

मी सगळं पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग इस्त्री उभी करून म्हणाले, "बाय, तुझे वडील वारले ना?"

"हो. नऊ वर्षं झाली."

"मग तुझ्या आईला किती वेळा येतो?"

"काय?"

"झटका. आठवणीचा."

ते माझ्याकडे न बघता बोलत राहिले.

"जुलेखाचा चाळीसावा दिवस झाला, त्या दिवशी पयल्यांदा आला. छातीत धडधड, डोकं फुटतंय, वाटलं आता आपण पण चाललो तिच्या मागं. दहा मिनिटांनी सगळं शांत. मी म्हटलं, ही येऊन गेली. मग येतच राहिली. कधी दिवसाला तीनदा. मला वाटलं, माणूस गेलं की सगळ्यांना असंच होत असंल. कुणी बोलत नाय, म्हणून मी पण बोललो नाय."

"म्हणून आम्हाला उतरवत होता?"

"अकरा माणसांत बायकोशी कसा बोलणार?"

बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती. मी लॅबमध्ये बसून माणसाच्या रक्तातलं सगळं मोजते. लघवीतलं द्रव्य वाढलंय म्हणून सांगणारी मीच होते.

शेवटी मी माझ्या आईचं सांगितलं. "आईला आठवण आली की ती बाबांच्या फोटोशी भांडते. पंखा चालू ठेवून बाहेर गेलात, ओला टॉवेल गादीवर टाकलात, असलं जुनं काहीतरी काढून. रोज भांडते."

"आणि दाब?"

"एकशे वीस, ऐंशी. मीच मोजते."

कासमभाई विचारात पडले. "म्हणजे गाठ नसली तरी येतात?"

"बाबा तर रोज येतात."

त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला. "मग एक अट. काढल्यावर ती गाठ मला दाखवायची. मी बघणार."

पुढचे दोन आठवडे तयारीचे. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या, भरपूर पाणी आणि भरपूर मीठ. रक्तदाबाच्या माणसाला डॉक्टरने मीठ खायला सांगितलं, यावर महाड आणि पोलादपूर दोन्ही गावं हादरली. तलाठ्यांनी लिमये डॉक्टरांना फोन करून त्यांची तब्येत विचारली. पार्वतीबाईंना मात्र सल्ला फार पटला. त्या रोज सकाळी खारवलेली सुरमई पोचवायच्या आणि खाऊन होईपर्यंत दारात बसून राहायच्या. गोळ्यांनी कासमभाईंचं नाक चोंदलं, उभं राहिलं की गरगरायचं. बंद मिनीडोरमध्ये बसून ते रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्या मिनीडोर बघायचे आणि म्हणायचे, "उजवीकडं वजन जास्त हाय."

मुंबईला मी आणि पार्वतीबाई सोबत गेलो. कागद भरताना नर्सने विचारलं, पेशंटशी नातं काय?

"प्यासिंजर," पार्वतीबाई म्हणाल्या.

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण खरं तेच होतं. तिने बराच विचार करून 'शेजारी' असं लिहिलं.

सर्जनबाई लहानखुऱ्या होत्या, भराभर बोलायच्या. कासमभाईंनी त्यांनाही अट सांगितली आणि का ते सांगितलं. मला वाटलं, आता या हसतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी अशा बऱ्याच गाठी काढल्यात," त्या म्हणाल्या. "आत कोण असतं ते मला सांगता यायचं नाही. मी काढते, तुम्ही बघा आणि मला सांगा."

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठीला दुर्बिणीचा चिमटा लागला, तसा दाब उसळला. गाठ सुटून आली, तसा धाडकन खाली गेला. भूलतज्ज्ञांना दोन्ही वेळा धावपळ करावी लागली, असं नंतर कळलं. बाहेर पार्वतीबाईंनी त्या तीन तासांत वॉर्डातल्या चार बायकांना सुकटीची चटणी शिकवली आणि मध्येच डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सर्जनबाई स्वतः बरणी घेऊन आल्या. पिवळट-तपकिरी, एका बाजूला रक्ताळलेला, लिंबाएवढा गोळा. कासमभाईंनी बरणी दोन्ही हातांत धरली. उजेडाकडे फिरवून बघितली, खालून बघितली. बाई घड्याळ न बघता उभ्या होत्या.

"ही नाय ती," कासमभाई म्हणाले. बरणी परत दिली, भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत झोपले.

गाठ साधीच निघाली. दीड महिन्याने डॉक्टरांनी किल्ली परत दिली. मिनीडोर आता महाडहून निघाली की सरळ पोलादपूरला आणि तिथून निघाली की सरळ महाडला पोचू लागली. आम्हाला सवय नव्हती. सगळे वेळेआधी कामावर पोचून बंद दारांपुढे उभे राहायला लागलो. राजेवाडीचा चहावाला एकदा गाडी अडवून म्हणाला, की गाठ काढायच्या आधी एक शब्द आम्हाला विचारायला पाहिजे होता.

कासमभाई दर महिन्याला दाब मोजायला लॅबमध्ये यायचे. एकशे वीस, एकशे अठरा. मी आकडा सांगायचे, ते बाही खाली करायचे.

"येत नाय," एकदा म्हणाले.

मी आकडा वहीत लिहिला. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी तेवढंही म्हटलं नाही, आणि मला राहून राहून वाटायला लागलं, की माणूस वाचला खरा, पण मी त्या शुक्रवारी दुपारी जाऊन आईच्या नावावर त्यांना फसवलं.

जानेवारीतल्या एका रविवारी आईचे गुडघे शेकायला तिला महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या कुंडांवर घेऊन गेले होते. परतताना आम्ही रस्त्याच्या कडेला रिक्षाची वाट बघत उभ्या होतो. लांबून कासमभाईंची मिनीडोर येताना दिसली. येत होती म्हणायचं एवढंच. एक सायकलवाला तिला मागे टाकून गेला. मग डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई मागे टाकून गेली. मला वाटलं, परत सुरू झालं, परत गाठ आली, आणि मी पुढे धावणार होते. पण गाडी थांबली नाही. तेवढ्याच चालीने जवळ आली. गाडीत कुणी नव्हतं. कासमभाईंच्या चेहऱ्यावर घाम नव्हता. ते डावीकडे थोडी मान कलती ठेवून काहीतरी सांगत होते, मध्येच हसले, पुन्हा सांगू लागले. आमच्या समोरून गेले तरी त्यांना आम्ही दिसलो नाही. जायला त्यांना बराच वेळ लागला.

"गाडी बिघडली वाटतं त्याची," आई म्हणाली.

सोमवारी ते दाब मोजायला आले. मी पट्टा बांधता बांधता सहज विचारल्यासारखं विचारलं, "काल सवच्या रस्त्याला एवढी हळू का चालवत होता?"

कासमभाई थोडे लाजले. खिडकीबाहेर उभ्या असलेल्या मिनीडोरकडे त्यांनी पाहिलं.

"जुलेखाला गाडी लागते, बाय," ते म्हणाले. "जोरात कशी नेणार?"